सूर मालाचा की घडणीचा?



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाला बोलाविले की तो किमान वेतनावर नाहीतर बोनसवर बोलणार, असे गृहीत धरून आपण आला असाल. मंडळाच्या चिटणीसांनाही तसेच वाटले होते. मी विषय कळविला तेव्हा त्यांनी मुद्दाम विचारले, ‘क्लॅरिओनेट म्हणजे लग्नात वाजते तेच ना?’ तेच. वरातीपुढे बँड चालतो, त्यात काळ्या रंगाचे, पांढऱ्या चकचकीत चाव्यांचे जे वाद्य गाण्याची चाल उचलते, त्याच्या तोंडाविषयी मी आज बोलणार आहे. सबंध वाद्याविषयी नव्हे. केवळ वीतभरही नसलेल्या त्या तोंडाविषयी. वादक त्याला ‘माउथपीस’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मी संगीतज्ञ नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही वाचले ते दिवसाचे काम संपल्यावर वाचनालयात बसून. आयुष्य बिडी कामगारांत आणि मँगनीजच्या खाणींवर गेले. परंतु आपल्या जिल्ह्यात आणखी एक कामगार आहे, ज्याची हजेरी कोणत्याही पुस्तकावर लागत नाही. तो बँडवाला. त्याचा हंगाम लग्नाच्या तिथींचा. तिथी दाट असल्या तर रात्रंदिवस फुंकायचे, आणि पावसाळा लागला की धानाच्या बांधीत रोवणीला जायचे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली आणि लग्नसराईचा सबंध हंगाम बुडाला, तेव्हा या माणसांचे नाव कोणत्या यादीत घालावे हेच कोणाला समजेना.

त्यांच्यापैकी काही जण संघटनेच्या कचेरीत येऊ लागले. पहिला प्रश्न मजुरीचा असेल, असे मला वाटले. प्रश्न निघाला तो असा : ‘भाऊ, माउथपीस एबोनाइटचा घ्यावा की काचेचा? दुकानदार म्हणतो, महाग मालाचा सूर गोड.’ एका वादकाने तर शहरातल्या एका दुकानातून उधारीवर माउथपीस आणला होता, आणि अर्ध्या हंगामाची कमाई त्यात अडकली होती. म्हणजे सूर मालात असतो की घडणीत असतो, हा त्या माणसाच्या बाबतीत पोटाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मी शोधीत गेलो. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम वाद्याची थोडी ओळख. हे वाद्य परदेशी. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी डेनर नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास त्याला आकार दिला असे मानतात. आपल्याकडे ते पलटणींच्या बँडबरोबर आले. नागपूरशेजारी कामठीला १८२१ साली इंग्रजांची छावणी बसली. देशभरच्या अशा छावण्यांतून पलटणी बाजा लोकांच्या कानी पडला आणि हळूहळू लग्नाच्या मांडवात शिरला. दक्षिणेत तर हे वाद्य कर्नाटक संगीताच्या मैफलीत बसले, आणि ए. के. सी. नटराजन यांनी ते मानाच्या जागी नेले. आपल्या पिढीच्या कानांना आठवत असतील मास्टर इब्राहिम यांच्या तबकड्या. सिनेमाचे गाणे शब्दांवाचून ते क्लॅरिओनेटवर असे म्हणत की ऐकणाऱ्याच्या ओठांवर शब्द आपोआप येत. बँडमधला आजचा वादक तेच करतो, फक्त त्याच्यासमोर रेकॉर्डिंगचा माइक नसतो, नाचणारी वरात असते.

आता सूर निघतो कसा ते पाहू. सनई आपल्या ओळखीची आहे. तिच्या टोकाशी दुहेरी जिभाळी असते. दोन पात्या एकमेकींवर आपटतात. क्लॅरिओनेटला पाती एकच. ती वेताच्या जातीच्या बोरूची. चांगली म्हणून जी नावाजलेली आहे ती दक्षिण फ्रान्समधील बोरूपासून होते. ही पत्ती माउथपीसच्या सपाट बैठकीवर कडीने आवळतात. बैठक टोकाकडे किंचित उतरती होत जाते, म्हणून पत्तीचे टोक आणि माउथपीसचे टोक यांत बारीक फट राहते. फुंक मारली की पत्ती त्या फटीवर झाकणासारखी उघडझाप करू लागते. सर्वांत खालच्या सुरात ती दर सेकंदाला सुमारे १४७ वेळा उघडते आणि मिटते. फुंकीचा सरळ प्रवाह असा तुकड्यातुकड्यांनी आत जातो, आणि नळीतली हवा झुलू लागते. झुलते ती हवा, लाकूड नव्हे. एवढे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवा, पुढे त्यावर बरेच अवलंबून आहे.

(येथे व्यासपीठावरील वादकांनी प्रथम केवळ माउथपीस सुटा करून फुंकून दाखविला, नंतर तो वाद्याला जोडून तोच श्वास घेतला.)

ऐकलेत? सुटा माउथपीस नुसता किंचाळतो. नळी जोडली की तीच पत्ती नळीच्या हुकमात येते. मालक नळी आहे. परंतु मालकाच्या दारावरचा दरवान माउथपीस आहे. किती हवा आत सोडायची, कोणत्या झटक्याने सोडायची, हे तो ठरवितो, आणि त्या झटक्यावरच सुराचा पोत ठरतो. पत्ती हळुवार मिटली तर सूर गोल येतो. फटीवर ताडकन आपटली तर मूळ सुरावर पुष्कळ उंच स्वरांश चढतात आणि आवाज धारदार होतो.

क्लॅरिओनेटचा आणखी एक विशेष. सनई तोंडापासून पेल्यापर्यंत रुंदावत जाते; म्हणून तिच्यावर सूर उडविला की तो वरच्या षड्जावर जातो. क्लॅरिओनेटची नळी बहुतेक सरळ आणि तोंडाकडून बंद. तिच्यावर सूर उडविला की वरचा षड्ज न लागता त्याच्याही पुढचा पंचम लागतो. खर्जात तिच्या सुरात दुसरा, चौथा असे सम स्वरांश क्षीण असतात. म्हणून तिचा खालचा आवाज असा भरदार पण पोकळ, विहिरीत घुमल्यासारखा येतो.

आता माउथपीसच्या अंगांकडे वळू. पहिले अंग म्हणजे टोकाची फट. ती साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते. आज जगभर खपणारा एक फ्रेंच माउथपीस आहे, त्याची फट १·१९५ मिलिमीटर. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या एका नमुन्याची १·०९. फरक एक दशांश मिलिमीटर. आपल्या डोक्याच्या एक-दोन केसांच्या जाडीइतका. एवढ्या फरकाने वाद्याचा स्वभाव बदलतो. फट मोठी असेल तर हवा जास्त लागते, आवाजाला मोकळीक मिळते, आणि पत्ती मऊ घ्यावी लागते. फट लहान असेल तर कडक पत्ती चालते आणि सूर हाताबाहेर जात नाही. मींड काढताना आपला वादक बोट अर्धवट उचलतो आणि ओठानेही सूर वाकवितो. त्याला मोठ्या फटीवरची मऊ पत्ती सोयीची पडते.

(येथे वादकांनी एकाच माउथपीसवर मऊ आणि कडक पत्ती लावून तीच ओळ दोनदा वाजविली.)

दुसरे अंग उतार. फट टोकाशी असते, पण उतार कोठून सुरू होतो यालाही महत्त्व आहे. तो बहुधा पंधरा ते वीस मिलिमीटर, क्वचित त्याहून अधिक लांब असतो. उतार लांब असला की पत्तीचा अधिक भाग मोकळा झुलतो. व्हिएन्नाकडचे वादक अगदी लहान फट आणि फार लांब उतार वापरतात. त्यांचा काळोखा, दाट सूर त्या परंपरेत मुरलेला आहे. याच उताराच्या दोन्ही बाजूंना दोन काठ असतात. ते समान उतरले नाहीत तर पत्ती एका बाजूने आधी मिटते आणि वाद्य चिरकते. वरातीत वाद्य चिरकले की लोक वादकाला हसतात. पुष्कळदा दोष त्या काठाचा असतो.

तिसरे अंग आतले छत, म्हणजे टोकाच्या मागे पत्तीच्या समोर जी तिरपी भिंत असते ती. ती पत्तीच्या जवळ आली, फुगीर असली, तर आवाज उजळ आणि टोकदार होतो. खोलगट असली तर सूर मवाळ होतो, जोर कमी पडतो. चौथे अंग म्हणजे त्यामागची पोकळी. ती प्रमाणाबाहेर मोठी झाली तर वाद्य उतरते. इतकेच नव्हे, तर खालचे आणि वरचे सूर आपसांत फटकून वागतात. खालचा षड्ज जुळविला की वरचा पंचम बेसूर लागतो. वादक ओठ आवळून ते सावरीत बसतो आणि त्याचा ओठ सुजतो.

इथे एक गोष्ट कामगार संघटनेचा माणूस म्हणून सांगतो. ताशे आणि ट्रंपेट यांच्या गर्दीत आपला सूर वर यावा म्हणून बँडवाल्यांनी वर्षानुवर्षे मोठी फट आणि तिच्यावर कडक पत्ती असा मेळ पसंत केला. त्या मेळाने आवाज मोठा निघतो, पण ओठ, गाल, छाती सर्वांवर भार पडतो. आता बहुतेक बँडच्या गाडीवर माइक आणि कर्णे असतात. आवाज मोठा करण्याचे काम यंत्राने घेतले आहे. माणसाने मात्र अजून जुनेच ओझे उचलले आहे. मध्यम फट आणि मध्यम पत्ती घेतली तर चार तासांची वरात पुष्कळ सुसह्य होईल.

आता मुख्य प्रश्न. हे सर्व झाले आकाराचे. मालाचे काय?

आपले भंडारा पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. येथील कासाराला मी हा प्रश्न विचारला असता तर तो म्हणाला असता, ‘धातूवर आवाज नाही तर कशावर?’ त्याच्या जागी तो खरा आहे. काशाची घंटा आणि मातीची घंटा एकाच साच्याची केली तरी एक नादते आणि दुसरी बद्द वाजते. कारण घंटेत धातू स्वतः थरथरतो. सूर त्या थरथरीचाच असतो. घागरीवर टिचकी मारून तिची परीक्षा करतात ती याच न्यायाने. पण मघाशी मी म्हटले ते आठवा : क्लॅरिओनेटमध्ये झुलते ती हवा. घरी एक प्रयोग करा. सारख्या मापाच्या, सारख्या तोंडाच्या दोन बाटल्या घ्या, एक काचेची, एक जाड प्लास्टिकची. दोघींच्या तोंडावर आडवी फुंक मारा. सूर तोच निघेल. त्याच बाटल्यांवर चमच्याने टकटक करा, आवाज निराळे येतील. पहिल्या वेळी हवा बोलली, दुसऱ्या वेळी बाटली.

हे माझे अनुमान नव्हे. अमेरिकेत जॉन बॅकस नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी क्लॅरिओनेटसारख्या वाद्यांच्या भिंतींचे कंपन मोजले आणि ते सुरात कितपत उतरते याचा शोध घेतला. १९६४ साली त्यांनी निष्कर्ष छापला की लागून राहिलेल्या सुरात भिंतीच्या कंपनाचा वाटा नगण्य आहे. पुढे १९७१ साली जॉन कोल्टमन यांनी एकाच आतल्या मापाच्या तीन बासऱ्या तपासल्या : एक पातळ चांदीची, एक जाड तांब्याची, एक लाकडाची. तोंडाकडचा भाग तिन्हींना सारखाच, प्लास्टिकचा. न दिसता वाजविल्या तेव्हा जाणत्या श्रोत्यांना त्यांतली कोणती कोणती हे ओळखता आले नाही. एवढेच नव्हे, वाजविणाऱ्यांनाही आले नाही. चांदी कानाला कळली नाही. ती डोळ्यांना कळत होती.

आता कोणी वादक उठून म्हणेल, ‘पण मला स्वतःला फरक जाणवतो!’ तो खोटे बोलत नाही. वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात. त्याची थरथर दातांतून कवटीच्या हाडात जाते आणि आतून कानाला पोहोचते. माल बदलला की ही आतली जाणीव बदलू शकते. म्हणून कित्येक वादक दातांखाली रबराची चकती चिकटवितात. वाजविणाऱ्याला आपले वाद्य सुखाचे वाटावे हेही महत्त्वाचे आहे. परंतु ते सुख त्याचे त्यालाच. मांडवातल्या श्रोत्यापर्यंत ते तसे पोहोचत नाही. त्यासाठी कर्ज काढायचे की नाही, हे त्याने जाणून ठरवावे.

मग माल निरर्थक का? मुळीच नाही. माल सूर देत नाही. घडणीने दिलेला आकार टिकवितो किंवा बिघडवितो. पूर्वी माउथपीस लाकडाचे असत. लाकूड थुंकीचा ओलावा पिते, फुगते, पिळते. एका केसाच्या जाडीवर जेथे सूर अवलंबून, तेथे हे कसे चालावे? पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रबरात भरपूर गंधक मिसळून, शिजवून एबोनाइट तयार झाले. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी जुन्या काळ्या फाउंटन पेनात ते हाताळले आहे. ते ओलाव्याने फुगत नाही, कानशीने आणि पॉलिश कागदाने सुरेख घासले जाते. म्हणून कारागिराने ते पत्करले. मात्र त्याचे दोन शत्रू आहेत. उन्हाने ते हिरवट, तपकिरी होते आणि गंधकाचा वास मारते. कढत पाण्याने त्याचा आकार बिघडतो. आपल्या वैशाखातल्या उन्हात बँडच्या गाडीवर तापत ठेवलेला माउथपीस, किंवा निर्मळ व्हावा म्हणून उकळत्या पाण्यात टाकलेला माउथपीस, मग तो कितीही किमती असो, त्याचा उतार बिघडला की गेलाच. कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. काचेचा माउथपीस ऊन-पाण्याला दाद देत नाही, पण हातातून पडला की संपला. आणि त्याचा उतार पुन्हा घासून घेणे मोठे जिकिरीचे असते.

राहिले स्वस्तातले प्लास्टिक. त्याची सर्वत्र बदनामी आहे, आणि पुष्कळ वेळा ते वाजते वाईट हेही खरे. पण का? साच्यातून निघालेला तुकडा तसाच डबीत भरतात. साच्याची शिवण काठावर राहते, बैठक सपाट झालेली नसते, दोन काठ दोन उंचीचे असतात. एबोनाइटच्या चांगल्या माउथपीसवर शेवटी एक माणूस बसलेला असतो. तो काचेवर घासतो, मोजतो, वाजवून पाहतो, पुन्हा घासतो. प्लास्टिकच्या किमतीत जी बचत झाली ती मालाची थोडी आणि त्या माणसाच्या तासांची फार. कुशल हाताने तोच प्लास्टिकचा तुकडा सारखा करून दिला की तो सुरेल वाजू शकतो. उलट उत्तम एबोनाइट, पण घाईने घासलेले, तर चिरकणारच.

बिडी कामगारांना हे सांगावे लागत नाही. पान तेच, तंबाखू तोच. पण एकीच्या हातची बिडी शेवटपर्यंत सारखी जळते आणि दुसरीची मध्येच विझते. छाट काढणारा मुनीम बोटांनी घडण पाहतो. आणि तरीही दुकानात बिडी विकली जाते ती बंडलावरच्या चित्राच्या नावाने, वळणाऱ्या बाईच्या नावाने नव्हे. माउथपीसचे तसेच झाले आहे. दुकानदार मालाचे नाव सांगतो, कारण मालाला भाव लावता येतो. ज्याने केसभर जाडी घासून सूर आणला, त्याचे नाव डबीवर नसते.

यातून करावयाचे काय? एक साधी तपासणी मी बँडवाल्यांना शिकून घ्यायला सांगतो. सपाट जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर माउथपीसची बैठक ठेवा. मोटार मेकॅनिक टॅपेटची फट मोजायला पोलादाच्या पातळ पात्यांचे फीलर गेज वापरतो. त्यातले सर्वांत पातळ पाते काच आणि उतार यांच्या फटीत टोकाकडून अलगद सरकवा. दोन्ही काठांवर ते एकाच खुणेवर अडले पाहिजे. तिरके अडले तर काठ असमान आहेत, मग डबीवर काहीही छापलेले असो. काचेवर बैठक डगमगली तर तो माउथपीस घेऊ नका. या परीक्षेला दहा मिनिटे लागतात. त्यात पास झालेले दोन-तीन वाजवून पाहावे, स्वतःच्याच पत्तीवर, आणि सोबत्याला दहा पावलांवर पाठ फिरवून उभे करावे. निवड त्या सोबत्याच्या कानाने करावी.

दुसरी गोष्ट, उतार सारखा करण्याची विद्या अवघड आहे, पण अशक्य नाही. बँडची पितळी वाद्ये मेरठच्या जली कोठीत पिढ्यान्‌पिढ्या घडतात. तिथला कारागीर काही विद्यापीठातून आलेला नाही. आपल्या गावात पितळ घासणारे हात आहेत, खाणीच्या आणि कारखान्याच्या वर्कशॉपात हजारांश इंच मोजणारे फिटर आहेत. एखादा फिटर आणि एखादा वादक यांनी चार रात्री एकत्र बसायचे ठरविले, तर या जिल्ह्यातल्या कित्येक टाकून दिलेल्या माउथपीसना पुन्हा सूर येईल, आणि उधारीचे पैसे घरच्या किराण्याला राहतील. त्यासाठी संघटनेची खोली आणि तिच्यातला दिवा मी देऊ करतो.

आणि आपणा सर्वांना, जे लग्नघरी बँड ठरविता त्यांना, माझी एक विनंती आहे. बँडवाल्याशी घासाघीस करताना आपण त्याच्या डगल्याची झिलई पाहतो, गाडीवरचे दिवे मोजतो. एकदा त्याला दिवे मालवून, मांडवाच्या कोपऱ्यात बसवून, एखादे जुने गाणे खर्जापासून म्हणायला सांगा. तो सूर त्याच्या श्वासाचा, त्याच्या ओठांचा आणि कोण्या अनामिक हाताने घासलेल्या एका केसभर फटीचा असेल. त्याची किंमत ठरविताना त्या हातांचा हिशेब धरावा.